नऊ खुर्च्यांचं रामेन आणि आपला रॉस आमलेटचा गाडा : लहान काउंटरचा हिशेब समजून घ्या

पेडणे : पुण्या-बंगळूरला नोकरीला गेलेली आपल्या भागातली मुलं गणपतीला घरी आली की हल्ली एक नवा शब्द हमखास कानावर पडतो, रामेन. लाकडी फळीसमोर आठ-दहा खुर्च्या, पलीकडे उकळती भांडी, एका वाडग्याचे सहाशे-सातशे रुपये आणि तरीही बाहेर रांग. ऐकणारा विचारतो, मॅगीसाठी एवढे पैसे? त्यावर मुलं हसतात आणि विषय तिथंच संपतो.

विषय संपायला नको, कारण या लहान काउंटरमागे एक पक्का हिशेब आहे. तो समजला तर आपल्या पेडण्या-डिचोलीतला भाजी-पावचा काउंटर आणि संध्याकाळचा रॉस आमलेटचा गाडा का टिकतो, आणि का बंद पडतो किंवा भाड्यानं दिला जातो, हेही समजतं. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग आणि चोर्ला घाटापलीकडच्या वाचकांनाही हे परकं वाटणार नाही. गोव्यात शिरल्यावर पहिली भूक आपण अशाच एखाद्या काउंटरवर भागवतो.

रामेन म्हणजे नक्की काय?

रामेन म्हणजे गरम रश्श्यातल्या गव्हाच्या शेवया. मूळ चिनी, घडण जपानी. टोकियोच्या असाकुसा भागात १९१० साली 'राईराईकेन' नावाचं दुकान निघालं. मालक कस्टम खात्यातून बाहेर पडलेला जपानी माणूस, तर स्वयंपाकी योकोहामाच्या चिनी वस्तीतले. रामेनच्या पहिल्या दुकानांत त्याचं नाव घेतलं जातं. पुढे हातगाड्या आल्या. रात्री पिपाणी वाजवत गल्लीबोळातून फिरणारा रामेनवाला ही जपानची जुनी ओळख. आपल्याकडं सायकलचा भोंगा वाजवत येणारा पदेर आठवला तर चित्र डोळ्यांसमोर येईल.

वाडग्यात चार गोष्टी असतात. पहिला रस्सा. कोंबडीचा, डुकराच्या हाडांचा किंवा सुक्या माशांचा. हाडांचा दाट रस्सा आठ-दहा तास, कधी त्याहून जास्त उकळावा लागतो. दुसरी गोष्ट वाडग्याच्या तळाशी घातलेलं खारट सार : मिठाचं, सोया सॉसचं किंवा मिसो या आंबवलेल्या सोयाबीनच्या गोळ्याचं. तिसऱ्या शेवया. त्यांच्या पिठात 'कान्सुई' नावाचा खार घालतात. हा आपल्या पापडखाराच्या नात्यातला, सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचा. त्यामुळंच शेवई पिवळसर होते आणि दाताखाली लवचिक लागते. चौथं म्हणजे वरचं सामान : मांसाचा काप, अर्धकच्चं उकडलेलं अंडं, कांद्याची पात, समुद्रशेवाळाचा कागद.

मॅगीचं आणि रामेनचं नातं आहे, पण दूरचं. मोमोफुकु आंदो यांनी १९५८ मध्ये तळून वाळवलेलं झटपट रामेन बाजारात आणलं. त्याच जातीची मॅगी भारतात १९८३ मध्ये आली. म्हणजे आपण पाकिटातला नातू आधी पाहिला, आजोबा आता भेटतायत.

दुकान इतकं लहान का?

जागा महाग म्हणून, हे उत्तर अर्धंच. बाकीचं उत्तर कामाच्या पद्धतीत आहे.

रामेनच्या काउंटरवर बहुतेकदा एक मुख्य स्वयंपाकी आणि एखादा मदतनीस असतो. स्वयंपाकी मध्ये उभा राहतो. हात लांबवला की शेवयांचं पाणी, दुसरीकडे रस्सा, समोर वाडगे, आणि फळीपलीकडे गिऱ्हाईक. वाडगा तयार झाला की तो स्वतःच समोर ठेवतो. वेटर नाही, टेबलं पुसत फिरणारा पोऱ्या नाही, मेनूकार्डाची आठ पानं नाहीत. पदार्थ तीन-चार, आणि सगळ्यांचा पाया एकाच पातेल्यातला रस्सा.

जपानात अनेक ठिकाणी दारातच कूपनचं यंत्र असतं. पैसे टाका, बटण दाबा, कूपन घ्या, फळीवर ठेवा. म्हणजे स्वयंपाक्याच्या हाताला नोटा लागत नाहीत आणि जेवून उठणाऱ्याला बिलासाठी थांबावं लागत नाही. आपल्या बस स्टँडवरच्या कँटीनमधलं 'आधी कूपन घ्या' तेच सांगतं.

आता आकडा बघू. खुर्च्या नऊ. एक माणूस वीस मिनिटांत खाऊन उठतो असं धरू. तासाला एका खुर्चीवर तीन माणसं. गर्दीचे चार तास धरले तर ९ × ३ × ४ म्हणजे १०८ वाडगे. साठ टक्के जरी भरलं तरी ६५ वाडगे झाले. तेही दोन माणसांच्या हातावर. मोठ्या हॉटेलात छत्तीस खुर्च्या असतात, पण चौघांच्या टेबलावर दोघं बसतात, तासभर गप्पा मारतात, आणि पगार सहा-सात जणांचा निघावा लागतो. खुर्च्या किती यापेक्षा एक खुर्ची दिवसातून किती वेळा फिरते हे महत्त्वाचं. वाण्याच्या दुकानात माल किती वेळा फिरला ते बघतात, तसंच हे.

लहान म्हणजे हलकं असंही नाही. टोकियोच्या सुगामो भागातल्या 'त्सुता' या नऊ खुर्च्यांच्या दुकानाला डिसेंबर २०१५ मध्ये मिशेलिनचा तारा जाहीर झाला. रामेनच्या दुकानाला तो मिळण्याची ही पहिली वेळ. बंगळूरच्या शांतीनगरातलं 'नारू नूडल बार' २०२२ पासून अशाच छोट्या काउंटरवर चालतं, आणि तिथलं बुकिंग खुलं झाल्यावर काही मिनिटांत संपतं याची चर्चा वर्तमानपत्रांतूनही झाली. मुंबईत वांद्र्याला 'इझुमी' २०१८ मध्ये मोजक्या खुर्च्यांवरच सुरू झालं, आणि नंतर बार्देशातल्या आसगावातही आलं. आसगाव म्हणजे आपल्या पेडण्याहून शापोरा नदी ओलांडली की पलीकडं.

तिथं बसायचं कसं?

पहिल्यांदा जाणाऱ्याला थोडं अवघडल्यासारखं होतं. नियम सोपे आहेत.

एकट्यानं किंवा दुकट्यानं जावं. सहा जणांचा गोतावळा घेऊन गेलात तर एकत्र जागा मिळणार नाही, आणि मागची रांग तुमच्यामुळे अडते. एकट्यानं जेवणं तिथं बिचारेपणाचं मानत नाहीत. फळीसमोर बसलेला प्रत्येक जण एकटाच असतो.

वाडगा आला की लगेच सुरू करावं. शेवया गरम रश्श्यात असतात, म्हणजे त्या शिजतच असतात. पाच-सात मिनिटं फोटो काढण्यात गेली की त्या फुगतात आणि स्वयंपाक्याची मेहनत पाण्यात जाते. आधी चमचाभर रस्सा, मग शेवया.

आवाज करायला हरकत नाही. आपल्याकडं आमटीचा, सोलकढीचा भुरका मारतात, तसंच. भुरका मारताना हवा आत जाते, त्यानं घास थोडा निवतो आणि वासही नाकापर्यंत पोचतो. चॉपस्टिक जमत नसेल तर काटा मागावा, कोणी नाव ठेवत नाही.

पोट भरलं नाही तर काही दुकानांत फक्त शेवया पुन्हा मिळतात. जपानच्या फुकुओका भागात याला 'काएदामा' म्हणतात. रस्सा शिल्लक ठेवायचा आणि त्यात नव्या शेवया घालून घ्यायच्या. आपण राहिलेल्या रश्श्यासाठी आणखी एक पाव मागतो, तसा हा प्रकार.

खाऊन झालं की उठावं. हा उद्धटपणा नाही, उलट हीच तिथली रीत. गप्पांसाठी चहाचं दुकान वेगळं.

सोमवार, गुरुवार पाळणाऱ्यांनी काय बघावं?

आपल्याकडं घरोघरी वार पाळतात, श्रावण पाळतात. त्यांच्यासाठी एक सूचना. वाडग्यात मांसाचा तुकडा दिसला नाही म्हणजे रामेन शाकाहारी झालं असं नाही. रस्सा हाडांचा असू शकतो. हलक्या, पारदर्शक रश्श्यातही 'काचुओबुशी' म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या माशाचा कीस उकळलेला असू शकतो. मिसो सोयाबीनचं असलं तरी ते ज्या रश्श्यात विरघळवलं तो कशाचा, हे विचारायलाच हवं. डुक्कर किंवा गोमांस न खाणाऱ्यांनीही आधीच विचारावं. भारतातल्या बऱ्याच ठिकाणी मशरूम आणि समुद्रशेवाळाचा शाकाहारी रस्सा वेगळा ठेवतात. प्रश्न एकच विचारायचा, 'रस्सा कशाचा?' वरचं काढून द्या म्हणण्यात अर्थ नाही.

आपल्याकडचा काउंटर कुठला?

आता घरी येऊ. एक पातेलं, थोडे पदार्थ, समोर उभा असलेला करणारा आणि उभ्या-उभ्या खाऊन निघणारं गिऱ्हाईक. हे वर्णन रॉस आमलेटच्या गाड्याला तंतोतंत लागू पडतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. रॉस म्हणजे रस. कोंबडीच्या शाकुतीचा रस. सिंधुदुर्गात आपण ज्याला सागोती म्हणतो त्याच घरातली ही शाकुती. ओलं खोबरं खमंग भाजून, सुक्या मिरच्या, धणे, खसखस आणि गरम मसाल्याचं वाटण करून ती शिजवतात. गाड्यावर कांदा-मिरची-कोथिंबीर घातलेलं आमलेट तव्यावरून ताटलीत येतं, त्यावर हा रस पळीनं ओततात, वर चिरलेला कच्चा कांदा, लिंबाची फोड आणि बाजूला पाव. कोंबडीचे तुकडे हवे असतील तर वेगळे पैसे. रामेनवाला रश्श्यासाठी सकाळपासून खपतो. गाड्यावरचा रस दुपारीच घरी शिजतो आणि दिवेलागणीला डबे भरून गाड्यावर येतो. खाणाऱ्याला दिसतं ते शेवटचं पाच मिनिटांचं काम.

सकाळचा काउंटर भाजी-पावचा. मुंबईची पावभाजी ती नव्हे. इथं बटाट्याची पातळ भाजी, सुकी भाजी, वाटाण्याचं किंवा अळसांद्यांचं तोणाक, आणि दोन भाज्या एकत्र हव्या असतील तर 'मिक्स'. सोबत पाव, उंडो किंवा पोळी, म्हणजे कोंड्याची पोय. जोडीला मिरचीचं भजं किंवा गोड बन. पणजीतलं कॅफे भोसले १९२० पासूनचं म्हणून ओळखलं जातं. पेडणे, डिचोली, साखळी, म्हापसा या बाजारांतही अशी हॉटेलं पिढ्यांची आहेत. एकाच टेबलावर अनोळखी चौघं बसतात, दहा मिनिटांत उठतात. ही पद्धत आपल्याला कोणी जपानातून शिकवलेली नाही.

योगायोग असा की दोन्हीकडचा मुख्य पदार्थ बाहेरून आलेला आहे. कोकणात गहू पिकत नाही. पाव पोर्तुगीजांबरोबर आला आणि आपला झाला. जपानातही गव्हाच्या शेवया चीनकडून आल्या आणि त्यांच्या झाल्या. बाहेरची वस्तू आपली व्हायला असा एखादा लहान काउंटरच लागतो. तिथं ती रोज, स्वस्तात, सगळ्यांच्या तोंडी लागते.

गिऱ्हाईक येतं कुठून?

लहान काउंटर वाटेवरच्या माणसावर चालतो. वाट बदलली की तो हलतो. हे डिचोली तालुक्यानं फार जवळून पाहिलं.

खाणी जोरात होत्या तेव्हा साखळी, मये, डिचोली या पट्ट्यातल्या रस्त्यांवर खनिजाच्या ट्रकांची रांग असायची. ट्रकचालक, क्लीनर, गॅरेजवाले, टायरवाले, बार्जवरचे कामगार ही सगळी सकाळच्या भाजी-पावची आणि दुपारच्या शीत-कडीची गिऱ्हाइकं. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं खाणकाम थांबवलं आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. मधल्या काळात थोडी सुरुवात झाली, तोवर फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं बंद. चर्चा ट्रकमालकांच्या कर्जाची झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण रस्त्याकडेच्या चार बाकांच्या हॉटेलाचं कर्ज कुठल्या यादीत नव्हतं. आता लिलावानंतर डिचोलीच्या खाणपट्ट्यात काम पुन्हा सुरू झालंय, तरी जुनी वाहतूक जशीच्या तशी परतलेली नाही.

पेडण्यात चित्र उलटं. मोपचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. पाळीत काम करणारे कामगार, टॅक्सीवाले, मालवाहू गाड्यांचे चालक यांना पहाटे चारला आणि रात्री अकराला खायला लागतं. धारगळला आयुर्वेद संस्थेचं हॉस्पिटल आलं. पत्रादेवीपासून खाली महामार्ग रुंद झाला. रुंद रस्त्यावरची गाडी मात्र थांबत नाही, उड्डाणपुलावरून निघून जाते. किनाऱ्याला मोरजी, मांद्रे, हरमल इथं पर्यटकांसाठी परदेशी पदार्थांची हॉटेलं वाढली आणि आपली मुलं त्यांच्या किचनमध्ये कामाला लागली. पेडण्याची, दोडामार्गाची, सावंतवाडीची मुलं आज हातानं पास्ता करतात, सुशी गुंडाळतात. स्वतःचा काउंटर टाकायला मात्र कचरतात. का कचरतात, ते पुढच्या आकड्यांतून दिसेल.

गाड्याचा हिशेब मांडून बघू

खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी धरले आहेत. कोणीही स्वतःचे आकडे घालून करून बघावं.

एका वेळी गाड्यासमोर सहा माणसं उभी राहतात. प्रत्येकाला पंधरा मिनिटं, म्हणजे तासाला चार फेऱ्या. चार तासांत जास्तीत जास्त ९६ ताटल्या. साठ टक्के धरल्या तर ५८. ताटलीचा दर ८० रुपये. रोजची विक्री ४,६४० रुपये.

अंडी, कोंबडी, नारळ, मसाला, कांदा, पाव मिळून ताटलीमागे ३६ रुपये, म्हणजे २,०८८. गॅस, कागद, पाणी, वीज ४५०. एक मदतनीस ६००. हे वजा जाता १,५०२ रुपये उरतात. महिन्याचे पंचवीस दिवस गाडा लागला तर साडेसदतीस हजार. वाटतं, बरं चाललंय की!

इथंच एक गोष्ट मोजायची राहून जाते. मालक स्वतः संध्याकाळपासून उभा असतो, आणि घरी आई किंवा बायको दुपारपासून नारळ खवतेय, खोबरं भाजतेय, वाटण वाटतेय. त्यांची मजुरी कुठल्याच वहीत लिहिलेली नसते. मालकाचे ७०० आणि घरच्या बाईचे ४०० धरले तर रोजचे १,१०० वजा. खरा नफा राहिला ४०२ रुपये रोज, महिन्याला १०,०५०.

आता दुसरा पर्याय. हाच गाडा रोज ५०० रुपये भाड्यानं दिला तर महिन्याला १५,००० हातात. मालक दुसरीकडं नोकरीला मोकळा, घरची बाई मसाल्यातून मोकळी. गाडे दुसऱ्याला चालवायला जातात यामागं आळस आहे असं गावात बोललं जातं. आकडे वेगळं सांगतात : ८० रुपयांच्या दरात भाडं कष्टापेक्षा जास्त देतं.

दर १०० केला तर? समजा वीस रुपये वाढले म्हणून रोजची दहा गिऱ्हाइकं तुटली. राहिल्या ४८ ताटल्या. विक्री ४,८००. सामान १,७२८, इतर खर्च तेवढाच १,०५०, सगळ्यांची मजुरी १,१००. उरले ९२२ रोज, महिन्याला २३,०५०. गिऱ्हाईक कमी होऊनही गाडा स्वतः चालवणं भाड्यापेक्षा परवडतं. गिऱ्हाईक तुटलंच नाही तर आकडा ३९,०५० वर जातो.

वीस रुपयांचा हा फरक मालक घाबरून करत नाही. 'कालपर्यंत ऐंशी होते' हे वाक्य त्याला ऐकायचं नसतं.

भाड्यानं देण्यात अडचण कुठं आहे?

पहिली अडचण कायद्याची. शहरी फेरीवाल्यांसाठीचा २०१४ चा केंद्रीय कायदा सांगतो, की प्रमाणपत्र घेणाऱ्यानं व्यवसाय स्वतः किंवा कुटुंबातल्या माणसानं करावा, उपजीविकेचं दुसरं साधन नसावं, आणि प्रमाणपत्र कोणत्याही रीतीनं, भाड्यानंसुद्धा, दुसऱ्याला देऊ नये. नगरपालिका क्षेत्रात गाडा असेल तर ही अट डोक्यात ठेवलेली बरी. पंचायत क्षेत्रातल्यांनी आपल्या परवान्यावरच्या अटी एकदा नीट वाचाव्यात.

दुसरी अडचण पातेल्याची. भाड्यानं घेणाऱ्याला रोजचे ५०० आधी काढायचे असतात. तो खोबरं कमी करतो, तयार मसाला वापरतो, रस पातळ करतो. इथं भाडेकरू बाहेरचा की गावचा हा मुद्दाच नाही. त्याच्या जागी कोणीही असला तरी हेच करील. वर्षभरात गिऱ्हाईक म्हणतं, 'पूर्वीची चव राहिली नाही.' मग तो भाडेकरू जातो, गाडा रिकामा पडतो, आणि दरम्यान घरी मसाला वाटायची सवय मोडलेली असते. हात एकदा सुटला की परत बसायला वेळ लागतो.

हरमलच्या मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं. पण त्या मिरचीचा रंग उतरायला रोज उकळणारं पातेलं हवं. नाहीतर मानांकन कागदावर आणि मिरची पाकिटात.

जपानलाही हे चुकलेलं नाही

सहाशेचा वाडगा विकणाऱ्यांचं बरं चाललं असेल, असं कोणाला वाटेल. जपानात मात्र 'हजार येनची भिंत' असा शब्दप्रयोगच आहे. रामेन हे साध्या माणसाचं खाणं, त्याला हजार येनपेक्षा जास्त द्यायचे नाहीत, अशी गिऱ्हाइकाची पक्की धारणा. हजार येन म्हणजे आपले साधारण साडेपाचशे ते सहाशे रुपये. गहू, मांस, वीज, मजुरी सगळं वाढलं, दर मात्र भिंतीला अडला. २०२४ मध्ये तिथल्या रामेन दुकानांच्या दिवाळखोरीनं उच्चांक गाठला. बुडालेल्यांत लहान दुकानं मोठ्या संख्येनं होती.

त्यांची भिंत हजार येनची, आपली शंभर रुपयांची. पदार्थ रोजचा असला की त्याची किंमत सवयीनं ठरते, कष्टानं नाही. तेच रामेन मुंबई-बंगळूरला येतं तेव्हा कोणालाच त्याची सवय नसते, म्हणून तिथं भिंतही नसते. आपलीच मुलं तिथं सातशे रुपये हसत देतात आणि गावी येऊन ऐंशीची ताटली शंभरला झाली म्हणून कुरकुर करतात. रस शिजायला दोन्हीकडं तेवढाच वेळ लागतो.

मग करायचं काय?

नवा काउंटर टाकू बघणाऱ्यांनी रामेनवाल्याच्या चार गोष्टी उचलाव्यात. पदार्थ चारच ठेवा, आणि सगळे एका पातेल्यातून निघतील असे निवडा. चायनीज, शोरमा, रोल, सगळंच ठेवलं की सामान सडतं आणि चव कशालाच येत नाही. पैसे आधी घ्या किंवा यूपीआयचा कोड गिऱ्हाइकाच्या हाताजवळ लावा, म्हणजे तव्यावरचा हात सुटणार नाही. पातेलं संपलं की गाडा बंद करा, पाणी घालून वाढवू नका. आणि वहीत घरच्या बाईची मजुरी पहिल्या ओळीत लिहा. ती लिहिली की योग्य दर आपोआप समोर येतो.

कागदपत्रांचं ओझं वाटतं तेवढं नाही. अन्नसुरक्षा नोंदणी लहान व्यावसायिकाला साध्या अर्जावर मिळते. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. वरच्या उदाहरणातला गाडा १०० च्या दरानं पंचवीस दिवस चालला तरी वर्षाला साडेसतरा लाखांच्या आतच राहतो.

आणि आपण खाणाऱ्यांनी? ज्या काउंटरची चव टिकावी असं वाटतं तिथं वीस रुपये वाढले तर घासाघीस करू नये. मागं माणसं उभी असतील तर ताटली संपल्यावर फोन बघत जागा अडवू नये. रस संपला असेल तर उद्या लवकर जावं. रामेनच्या फळीसमोर शिकलेली रीत गाड्यासमोरही पाळली, तर गाडा चालवणाऱ्याला तो भाड्यानं द्यावासा वाटणार नाही.